टोकन, वानर आणि अंतरपाट

इंजिन फुसफुसत उभं होतं, सिग्नल पडलेला होता, डब्यात वऱ्हाड बसलेलं होतं आणि टोकन जांभळीच्या झाडावर एका वानराच्या दंडात होतं. स्टेशनमास्तर म्हणून माझ्या सगळ्या नोकरीत गाडी अडण्याची कारणं मी पुष्कळ पाहिली, पण हे कारण नियमांच्या पुस्तकात कुठं सापडेना.

टोकन म्हणजे काय ते आधी सांगतो. कर्जतहून खोपोलीकडे जाणारा आमचा फाटा एकेरी. एकाच रुळावरून गाड्या जाणार आणि त्यावरूनच येणार. समोरासमोर आल्या तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दोन्ही स्टेशनांत एक एक यंत्र असे. पुढच्या स्टेशनमास्तरानं परवानगी दिली, म्हणजे ‘लाइन क्लिअर’ दिला, की आमच्या यंत्रातून लोखंडाचा एक गोळा बाहेर पडे. तेच टोकन. गोळा चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवीला वेताची मोठी कडी, ती ड्रायव्हरच्या हातात द्यायची. टोकन नाही तर गाडी नाही. आणि एक गोळा बाहेर असला की दुसरा कुठल्याच यंत्रातून निघत नाही. ही हुशारी ज्या कोणी केली त्यानं वानराचा विचार केलेला नव्हता.

वऱ्हाड आमच्या स्टेशनजवळच्याच गावचं. नवरा गणपत, हळदीनं पिवळा झालेला, डोक्याला बाशिंग. मुलगी शिळफाट्याची. मुहूर्त गोरज, म्हणजे सूर्य मावळतानाचा, आणि त्या मोसमातला शेवटचा. हे लग्न आधी एकदा सुतकामुळे पुढे गेलेलं. आता चुकलं तर दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबायचं, आणि तोवर मुलीचा बाप थांबेल याची खात्री नव्हती. दोनदा अडलेलं लग्न लोकांना आवडत नाही. बैलगाडीनं जायचं म्हटलं तर अंधार पडला असता.

मी टोकन घेऊन इंजिनाकडे निघालो होतो. नवऱ्याच्या मामानं मध्येच गाठून विचारलं, गाडी वेळेवर पोचेल ना. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की काळजीच करू नका. तेवढ्यात कौलांवरून धप्प आवाज झाला, हाताला हिसका बसला आणि माझी ऐट जांभळीवर जाऊन बसली.

आता धोंडे मारायला काही मंडळी पुढे झाली. त्यांना आमच्या सखारामनं अडवलं. सखाराम आमचा सांधेवाला, रूळ बदलणारा. काळ्या मिशांचा, वारकऱ्यासारखा शांत, पण त्या वेळी भलताच तापला. शनिवारी मारुतीच्या माणसाला धोंडा मारायचा नाही, एवढंच तो सांगत राहिला. मग तो माझ्याकडे वळला आणि कानाशी येऊन म्हणाला, “मास्तर, चूक त्याची नाय. त्याचं दानं ऱ्हायलं.”

मला काही कळेना. तेव्हा त्यानं उलगडा केला. सखाराम दर शनिवारी वानरांना चणे घाली हे मला ठाऊक होतं. कशातून घाली ते ठाऊक नव्हतं. टोकनाची एक जुनी पिशवी, बक्कल तुटलेलं म्हणून बाद केलेली, कडीसकट त्यानं ठेवून घेतली होती. दोन वर्षं त्या म्होरक्या वानरानं कडीवाली पिशवी पाहिली की चणे, एवढाच हिशेब शिकलेला. त्या दिवशी सखाराम वऱ्हाडाचं सामान चढवण्यात गुंतला. वानर वाट पाहून कंटाळलं आणि मी त्याच्या नाकाखालून त्याचे चणे घेऊन चाललेला दिसलो. त्याचं चुकलं कुठं?

ड्रायव्हर डिसोजा इंजिनातून उतरून आला. चांगला माणूस, पण नियमाला पक्का. वर बघत म्हणाला, “मास्तर, मला दिसतंय टोकन कुठं आहे ते. पण हातात नाही, तर गाडी नाही.” मी पुढच्या स्टेशनला फोन लावला. तिथला मास्तर आधी हसला. मग म्हणाला की टोकन हरवलं असेल तर टोकनाच्या बदल्यात माणूस पाठवून गाडी चालवावी लागेल, तो ट्रॉलीनं येईल, पण यायला रात्र होईल. मी म्हणालो, हरवलेलं नाही, समोर दिसतंय. तो पुन्हा हसला.

सखाराम जुनी पिशवी चण्यांनी भरून घेऊन आला. ती उंच धरली. वानर शहाणं. खालच्या फांदीवर आलं, तीही पिशवी घेतली आणि वर गेलं. आता त्याच्याकडे दोन पिशव्या. टोकनाची कडी त्यानं दंडात अडकवली, चणे निवांत खाल्ले, रिकामी पिशवी खाली टाकली. मग उरलेली हातात घेऊन दातांनी तिचा पट्टा कुरतडायला लागलं. झाडाखाली करवंदीची दाट जाळी, तिच्यापलीकडे ओढ्याचा उतार. गोळा तिथं पडला असता तर सापडायला पावसाळा उलटला असता.

हे सगळ्यांत आधी गणपतनं ओळखलं. तो डब्याच्या दारात उभा होता. हळद लागलेल्या नवऱ्यानं खाली उतरायचं नाही म्हणून मामानं त्याला धरून ठेवलेलं. तिथूनच तो ओरडला, “भटजी, अंतरपाट काडा.”

भटजी दचकले. अंतरपाट म्हणजे मंगलाष्टकं होईपर्यंत नवरानवरीच्या मध्ये धरायचं वस्त्र. ते झाडाखाली, वानरासाठी? मुळीच नाही, म्हणाले. धुतलेलं सोवळ्यातलं आहे.

गणपत शांतपणे म्हणाला, “लगीनच नाय झालं, तर त्यो धरनार कुनाच्या मधी?”

भटजींनी गाठोडं सोडलं. वऱ्हाडातल्या चौघांनी चार कोपरे धरले आणि करवंदीच्या काट्यांत घुसले. वानर डावीकडे सरकलं की हे डावीकडे. मामा दारातूनच सूचना देत होता, भटजी वस्त्र खाली लागू नये म्हणून काळजी करत होते आणि डिसोजा टोपी काढून उभा होता. पट्टा तुटला. वानरानं गोळा बाहेर काढला, वास घेतला, चावून पाहिला. त्याच्या तोंडावर अशी काही निराशा आली की मला क्षणभर त्याची दया आली. मग त्यानं तो फेकून दिला.

गोळा अंतरपाटाच्या मधोमध पडला.

ताशेवाल्यांनी कोणी न सांगता ताशा सुरू केला. डिसोजानं गोळ्यावर कोरलेली स्टेशनांची नावं वाचली, मान हलवली आणि इतक्या वेगात गाडी हाकली की मास्तर म्हणून ते मला माहीत नसलेलं बरं. शिळफाट्याला सूर्य डोंगराला टेकलेला असताना लग्न लागलं. हे मला मामानं नंतर पेढे देताना सांगितलं.

रेल्वेचे ट्रॅफिक इन्स्पेक्टर साहेब चौकशीला आले. त्यांनी जुनी पिशवी जाळायला लावली आणि चणे बंद करा म्हणाले. सखारामनं पिशवी जाळली. चण्यांचा डबा मात्र त्यानं फडताळात मागे सरकवला आणि मी फडताळ लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी गणपत बायकोला घेऊन तिच्या माहेरी निघाला. मी टोकन छातीशी कवटाळून इंजिनाकडे चाललो होतो. कौलांवर तेच वानर. मी थबकलो. नव्या नवरीनं डोक्यावरचा पदर सावरला, एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मास्तर, आदी त्याला द्या,” ती म्हणाली. “मंग डायवरला.”

सखारामनं पितळी ताटात चणे आणून ठेवले. वानर ताटाशी बसलं, मी टोकन दिलं, गाडी वेळेवर सुटली. माझी बदली होईपर्यंत दर शनिवारी त्या स्टेशनावर हाच क्रम राहिला. आधी दाणे, मग लाइन क्लिअर. एकही गाडी पुन्हा अडली नाही.