बायकांना तेव्हा बंदी नव्हती

बाबांना चांगी विमानतळावर सोडून मी घरी आलो, तेव्हा आंटी पालेभाजी निवडत बसल्या होत्या. आंटी म्हणजे माझ्या चिनी घरमालकीणबाई. त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी राहतो.

"पापा गेले?" त्यांनी विचारलं.

"हो. भेटीचा पास संपला. आई गेल्यापासून पुण्यात एकटेच असतात, पण माझ्या पगारात त्यांना इथे ठेवून घ्यायची परवानगी मिळत नाही."

त्या भाजी निवडत राहिल्या. रविवारी मात्र म्हणाल्या, "चल, उबीन बेटावर जाऊ."

बेटावर उतरून आम्ही दगडाच्या एका जुन्या खाणीपाशी गेलो. खाण आता पाण्याने भरली आहे. कठडा धरून आंटी म्हणाल्या, "माझी आई इथे खडी फोडायची."

त्यांची आई लग्नाआधीच थोरल्या भावाबरोबर दक्षिण चीनमधून निघाली होती. तेव्हा इथल्या इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या चिनी पुरुषांवर मर्यादा घातली होती. महिन्याला ठरावीकच पुरुष उतरू शकत. बायकांना बंदी नव्हती. त्यामुळे निघायच्या बंदरावर बहिणीला बोटीत जागा मिळाली, भावाला नाही.

"तू हो पुढे. मी पुढच्या महिन्यात येतोच," तो म्हणाला.

त्याला जमलंच नाही. मग तिकडे लढाई पेटली, बायकांच्या येण्यावरही मर्यादा आली, आणि त्याची खबर येईनाशी झाली. पुढे आंटी एकदा त्या गावी जाऊन आल्या. मामाला ओळखणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

"तुमच्या आईला इथे आल्याचं बरं वाटायचं का?" मी विचारलं.

"छे! ती म्हणायची, बायकांनाही बंदी हवी होती. मग दोघं घरीच राहिलो असतो."

पाण्यावरून वारा येत होता. आंटींनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

पुढच्या वर्षी मी तिकिटाचं विचारलं, तर बाबा फोनवर म्हणाले, "आता नको रे. येताना छान वाटतं, पण परत जाताना पाय निघत नाही."

मी आग्रह केला नाही. हल्ली मीच रजा काढून पुण्याला जातो. बॅग भरताना आंटी दारात येऊन उभ्या राहतात.

"परत येणार ना?" त्या विचारतात.