निळ्या पाखरांची ताटली

वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मला जुन्या चिनी मातीच्या ताटल्या जमवायचं वेड लागलं होतं. चोरबाजारात पायपीट करून एकाच नक्षीच्या पाच मिळाल्या होत्या. पांढऱ्यावर निळा पूल, वाकलेलं झाड आणि वर उडणारी दोन पाखरं. सहावी मिळत नव्हती.

आमच्याकडे धुणीभांडी करायला जवळच्या पावणे गावातून एक बाई यायची. विधवा, माझ्या आईच्या वयाची. मी तिला मावशी म्हणायचे, दुपारी जेवायला द्यायचे, पण आमच्या ताटात नाही. "तुमची ताटली घरून आणा," असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिची अॅल्युमिनियमची ताटली चेपली, तेव्हा ती फडक्यात गुंडाळून दुसरी घेऊन आली. तीच नक्षी! पूल, झाड, पाखरं.

"कुठून आणलीत?"

"माज्या बापाची हाय. गोदीत कामाला व्हता, कुना सायबानी दिली. आमी पाची भावंडा हिच्यातच जेवलो."

मी बदल्यात स्टीलचा नवा डिनर सेट देऊ केला. ती हसली. "नाय वयनी. ही नाय द्यायची."

आठवडाभर मी तिला त्या ताटलीत आमटी-भात कालवताना बघत होते. माझ्या वस्तूला कुणीतरी हात लावतंय, असाच राग यायचा. मग एका रविवारी, ती गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, मी ताटली कपाटात लपवली आणि निळ्या काठाची एक साधी बशी ओट्यावर आपटून फोडली. ती खाली आल्यावर म्हटलं, "मावशी, हातातून निसटली हो. सॉरी."

तिने एकेक तुकडा उलटून पाहिला. "यात पाखरा नाय."

"फुटल्यावर काय दिसणार?"

माझ्या नवऱ्याने सगळं पाहिलं होतं. त्याने पेपरचं पान उलटलं. तिने तुकडे पदरात बांधून नेले. त्या दिवशी ती जेवली नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सहाही ताटल्या शोकेसमध्ये मांडल्या. विधवा म्हणून तिला त्या दिवशी येऊ नका सांगितलं होतं. तरी ती आली. "भांडी पडतील म्हनून आले," म्हणाली आणि शोकेससमोर थांबली.

"वयनी, ही माजी ताटली."

सोसायटीतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी हसले. "मावशी, माझा सेट आहे तो." मग, कुणी काही विचारायच्या आत, मीच पुढे म्हणाले, "हल्ली आमचे चमचेपण कमी होतायत."

ती माझ्याकडे बघत राहिली. चप्पल घालून गेली. महिना संपायच्या आत बिल्डिंगमधल्या आणखी तीन घरांनी तिला काढलं. मला त्या संध्याकाळी फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. तिळगूळ मी पोटभर खाल्ला.

लाज वाटायला पाच वर्षं लागली. पत्ता विचारत पावण्याला गेले. दारात तिची सून आली. मी कोण, ते सांगितलं.

"आय गेली," ती म्हणाली. "तुमी पन जावा."

दार बंद झालं. मी माफी मागायला गेले होते, पण ताटली सोबत नेली नव्हती. ती परत द्यावी, असं घरून निघताना माझ्या मनातही आलं नव्हतं.