काळजाचा फोटोवाला

उस्मानाबादच्या एका दवाखान्यातला एक्स-रेवाला पेशंटला "श्वास धरा" म्हणायचा अन् स्वतःच धरायचा. गाल फुगवून असा लालबुंद व्हायचा की मला त्याचीच काळजी वाटायची. माझी बायको गेल्यावर छाती सारखी दुखायची, म्हणून येडशीहून एसटीनं त्या वर्षी चारदा गेलो. त्याचं नाव कधी विचारलं न्हाय. दुष्काळ असा, की फिल्म धुवायचं पाणीबी तो घरून सायकलवर आणायचा.

चौथ्या वेळी कळ लई जोराची होती, घाम फुटलेला. त्यानं विचारलं, "काका, अंगावर ताईत, माळ, काई?"

"काई न्हाय," लाजून मी खोटं बोललो.

त्यानं ओली फिल्म खिडकीशी धरली अन् डॉक्टरच दचकले. काळजावर दोन पांढरे गोल! "सोलापूरला हलवा, जीप बोलवा!"

एक्स-रेवाल्यानं गपचूप माझ्या बंडीच्या आतल्या खिशात बोटं घातली. हिच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या निघाल्या.

"काका, ह्या वयात मंगळसूत्र?"

तो खदाखदा हसला, मग मीबी. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. दुसरा फोटो साफ निघाला, हृदयाची ईसीजीची पट्टीबी ठीक आली. डॉक्टर बडबडत गेले.

खराब फोटो टाकून द्यायचा असतो. त्यानं तो वाळवून माझ्या हातात ठेवला. "न्या काका. ह्यात काकू आल्यात."

आमचा जोडीचा फोटो कधी काढलाच नव्हता. आता हाच खिडकीला लावलाय. ऊन आलं की आमी दोघं दिसतो.