सगळ्यांकडे सारखं

कंटेनर म्हणजे काय, हे आज मी ऑनलाइन वर्गात पुन्हा सांगितलं. प्रोग्रामला लागेल ते सगळं एका डब्यात भरून द्यायचं, म्हणजे तो कुणाच्याही लॅपटॉपवर सारखाच चालतो. हे सांगून सांगून घसा बसलाय माझा. स्क्रीनवर बारा नावं होती, चेहरा एकही नाही.

कराडच्या वैशालीचं अडलं होतं. "सर, लॅपटॉप फार तापलाय, ताटावर ठेवते," ती म्हणाली. ताट पालथं घातल्याचा आवाज आला. घरची हवा आणि पंखा काही डब्यात भरून देता येत नाही, असं मनात आलं. बाकीचे आम्ही तिचं डाउनलोड संपायची वाट बघत बसलो.

"झालं सर! तुमच्यासारखंच दिसतंय."

"दिसणारच. आता तुमच्या-माझ्याकडे सगळं अगदी सारखं आहे."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी हेडफोनसकट उठून गॅस बंद करायला गेलो. ओटा कोरडा होता. गॅस सकाळपासून पेटवलाच नव्हता.

कानात दुसरी शिट्टी झाली. पाठोपाठ वैशाली ओरडली, "आई, अजून एक होऊ दे गं!"

मी गॅसच्या बटणावर हात ठेवून तिसरीची वाट बघत उभा राहिलो.