माझ्या पत्रिकेतलं बारावं घर

त्या वर्षी संस्थानचे महाराज विलायतेला होते, आणि आमच्या घरी माझ्या यजमानांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. हे सरकारी कचेरीत कारकून. रावपुऱ्यात आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. कचेरीतून आले की पगडी खुंटीला अडकवायची आणि पान मांडेपर्यंत पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या. आम्हाला मूल नव्हतं. मला वाटे, त्याचंच दुःख असेल.

एका रविवारी ह्यांनी लहरीपुऱ्यातल्या एका ज्योतिषीबुवांना घरी बोलावलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. बुवांनी ह्यांची पत्रिका उलगडली, बराच वेळ पाहिली आणि सांगितलं की केतू बाराव्या घरात आहे, ते मोक्षाचं घर. संन्यासयोग आहे, टाळू म्हटल्यानं टळायचा नाही. कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला मात्र पुढचं सगळं एकटीचं दिसू लागलं.

पण दुःखाबरोबर दुसरंही काहीतरी मनात उसळलं, आणि त्याची मला लाज वाटली. मोक्षाची ओढ मलाही होती. वडिलांनी मला वाचायला शिकवलं होतं, आणि सरकारी ग्रंथालयातून मी वेदान्ताची पुस्तकं आणत असे. पहाटे, घर जागं होण्याआधी, स्वयंपाकघरात डोळे मिटून बसत असे. कुणाला ठाऊक नव्हतं. त्या पुस्तकांनी मला स्वस्थता दिली नव्हती. एका पानावर लिहिलेलं असे की प्रयत्न कर, दुसऱ्यावर असे की ज्याच्यावर कृपा व्हायची त्याच्यावरच होते. मग मी तिथे बसत होते ते कशासाठी?

मी पदर सावरून बाहेर आले आणि माझीही पत्रिका पाहता का, म्हणून विचारलं. बुवा म्हणाले, ती लग्नाच्या वेळी कुणीतरी पाहिलीच असेल, सौभाग्य उत्तमच असणार.

"आणि बारावं घर?"

"वहिनी," ते म्हणाले, "बायकांच्या पत्रिकेत ते कुणी पाहत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांचं सगळं ठरलेलं होतं, आणि माझं कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणजे कदाचित मोकळंही असेल. ह्याचा आनंद मानावा की राग, हेच कळेना.

काही दिवसांनी ह्यांनी रजा टाकली आणि चांदोदला जाण्याचं ठरवलं. नर्मदेच्या घाटावर एक वृद्ध स्वामी राहत, त्यांच्यापाशी राहायचं होतं. मी खूप विनवलं. हे शांतपणे म्हणाले, "मी जात नाहीये. मला नेलं जातंय. ह्यात माझं काही नाही."

"मग मीही येते," मी म्हटलं. "मलाही कुणी नेत असेल."

ह्यांनी दोघांची तिकिटं काढली. डभोईवरून जाणाऱ्या छोट्या आगगाडीनं आम्ही दोघं चांदोदला पोचलो. स्वामी गुजराती होते, मराठी समजत असे. ह्यांनी केतूचं सगळं सांगितलं, त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बेन, तमे केम आव्यां?" तुम्ही का आलात, असं.

वाटेत मी मोठं उत्तर जुळवलं होतं. ते ओठांवर येईना. मी म्हणाले, "ठाऊक नाही. यावंसं वाटलं."

ते म्हणाले की तेही तरुणपणी असेच आले होते. आपण आलो की आणले गेलो, हे त्यांना अजून सांगता येत नव्हतं. मात्र पहाटे उठून नदीवर जायचं की नाही, हे रोज त्यांचं त्यांनाच ठरवावं लागे, आणि कधीकधी ते जातही नसत. हे नाराज झाले. त्यांना दुसरं काही ऐकायचं होतं. तरी हे तिथेच राहिले, आणि मी एकटी परत आले.

शेजारणींनी प्रश्न विचारून हैराण केलं. घरात बसवेना, म्हणून मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. पहाटेचं बसणं कधी होई, कधी चुके. चुकलं की दिवसभर चिडचिड होई, आणि झालं तरी मन थाऱ्यावर नसे.

दिवाळीच्या आधी हे परत आले. हिवतापानं पार वाळले होते. अंथरुणावर टेकताच म्हणाले, "योग संपला. परतणंही ठरलेलंच होतं."

मी पेज भरवत होते. भांडं खाली ठेवून म्हटलं, "जाताना हेच म्हणालात, येतानाही हेच. मग तुम्ही स्वतः केलंत काय?"

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटलं आणि मी पुन्हा पेज भरवायला घेतली.

बरे झाल्यावर हे कचेरीत जाऊ लागले. येरझाऱ्या थांबल्या. जेवणावर वासना आली, शेजाऱ्यांशी गप्पा सुरू झाल्या. शाळेबद्दल मला एका शब्दानं टोकलं नाही. एकदा मात्र पहाटे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "अजून बसतेस? काही मिळालं?"

"नाही."

"मग का बसतेस?"

मी शेजारी दुसरा पाट सरकवला. हे माझ्याशेजारी पाटावर टेकले, थोडा वेळ डोळे मिटले, मग पायाला मुंग्या आल्या म्हणून उठून गेले. मी डोळे मिटूनच होते. बाहेर दूधवाल्यानं कडी वाजवली. उठावं की बसून राहावं, मला ठरवता येईना, आणि तेवढ्यात ह्यांनीच जाऊन दार उघडलं.