मिनिटाला चार फेरे

बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार. तोवरचा खर्च चारशे साठ रुपये: बारा व्होल्टची मोटर एकशे ऐंशी, अ‍ॅडॉप्टर दोनशे ऐंशी. हजर मी, मुलगी आणि खुर्चीवर वडील. वडिलांनी प्लायवूडचं दीड फुटी धम्मचक्र कापलं होतं. ते मंगळवारी विश्रांतवाडीतल्या आमच्या विहारात फिरायला हवं होतं. त्यांची अट एकच: त्यांना बसल्या जागेवरून चोवीस आरे मोजता आले पाहिजेत. नजर झपाट्यानं कमी होत होती. पुढच्या वर्षाचं ते बोलतच नव्हते.

चक्र जोडलं, तर पंख्यासारखं गरगरलं. आरे नाहीसे, नुसती चकती. मला मिनिटाला चार फेरे हवे होते. मी त्रैराशिक मांडलं: बारा व्होल्टला तीन हजार फेरे, तर चार फेऱ्यांना किती? उत्तर व्होल्टच्या साठाव्या भागाच्या आसपास.

"पप्पा, ती मोटर आहे, फिक्स्ड डिपॉझिट नाही," मुलगी म्हणाली.

अ‍ॅडॉप्टरवर सगळ्यात कमी तीन व्होल्ट होते, तेच दिले. मोटर नुसती गुणगुणली. चक्राला बोटानं ढकललं की सुटायचं, मग आवरायचं नाही. बुधवार पेठेतलं मोटरचं दुकान गाठून दुकानदाराला विचारलं.

"वेग कमी करायचाय की मोटर बंद पाडायचीय? आधी ठरवा."

त्यानं दीडशे रुपयांचा कंट्रोलर दिला. तो वीज झरझर चालू-बंद करतो, बटण फिरवलं की वेग उतरतो. उतरला, पण दीडशे फेऱ्यांपर्यंतच. त्याखाली चक्र अडायचं. सोमवारी दुपारपर्यंत माझी तीन पानं आकड्यांनी भरली. जेवण गेलं नाही. दर दहा मिनिटांनी उठून तेच बटण फिरवत होतो.

"गिअर लाव की," वडील म्हणाले.

"बाबा, हे आधी नाही सांगायचं?"

"तीस वर्षं कारखान्यात गिअरच कापले. तू मला विचारलंस कधी? कागदालाच विचारत होतास."

खरं होतं. तसाच परत बुधवार पेठेत गेलो. गिअर बसवलेली मोटर पूर्ण विजेवर दहाच फेरे घेत होती, पण चक्र जड असूनही अडत नव्हती. कंट्रोलरनं चारवर आणली.

मंगळवारी वडील विहारात पहिल्या रांगेत बसले. ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चोवीस. बरोबर आहेत."

गिअर मोटरचे तीनशे वीस दुकानदाराला दिले. वडिलांनी सल्ल्याचे शंभर मागितले. तेही दिले.