करदोडा सापडला, दुखणं नाही

आप्पांच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांच्या परदेश दौऱ्याला तीन आठवडे उरले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. केंदूरला आमची फुलशेती आहे, आणि आसपासच्या फूल उत्पादकांचा एक गट अभ्यास दौऱ्यावर निघाला होता. शिरूरच्या डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन लिहून दिला. आप्पा म्हणाले, आल्यावर बघू.

घरात काळजी भलतीच होती. विमानतळावर अंग तपासायचं मशीन असतं आणि त्याच्या किरणांनी कॅन्सर होतो, असं वरवंडला दिलेल्या बहिणीनं ऐकलं होतं. मी पुण्यात एका वर्तमानपत्रात उपसंपादक, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर तयार होतं. या मशीनची बातमी महिनाभरापूर्वी मीच केली होती. पूर्वीच्या काही मशीनमध्ये क्ष-किरण वापरत. आताच्या मशीनमध्ये रेडिओसारख्या लहरी असतात, त्या अपायकारक नाहीत. हे सगळं बरोबर होतं. मथळाही मीच दिला होता : ‘सारे अंग काही क्षणांत तपासणार’. पान लावताना बातमी दोन ओळींनी जास्त झाली. आमच्याकडे बातमी शेवटाकडून कापतात. मी कापली.

आप्पांना कात्रण दाखवलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

दौऱ्याहून परतल्यावर ते ओट्यावर बसून शेजाऱ्यांना मशीनचीच हकिगत सांगत होते.

“हात वर करून हुबं केलं. पडद्यावर माणसाचं चित्तर आलं आन् बरोबर कंबरेपाशी पिवळा चौकोन. करदोड्याची चांदीची पेटी. तीन कपड्यांच्या आत.”

“काढायला लावला का काय?” एकानं विचारलं.

“माणूस मेल्याबिगर करदोडा निघतो व्हय? शर्ट वर करून दाखवला. त्यो गोरा हसला आन् जा म्हणला.”

“तुमची झडती घेतली म्हंजी तुम्ही मोठे झाला, आप्पा.”

मीही हसलो आणि रात्री पुण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी आईनं सीटी स्कॅनची चिठ्ठी पुढं केली. आप्पा म्हणाले, “अगं, झालं की तपासून. पोटावर एक खूण न्हवती चित्रात.” आईनं मला फोन लावला. माझी कामाची गडबड होती. मी म्हणालो, आप्पांना समजावतो. पुढच्या वेळी गावी गेलो तोवर चार महिने झाले होते. आप्पांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

मग स्कॅन झाला. जठरात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि विचारलं, आधी का नाही आणलंत?

वॉर्डात आप्पांनी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारला.

“करदोडा दिसला, मंग ही कशी दिसली न्हाई?”

“त्या लहरी कातडीवरच थांबतात, आप्पा. कपड्याच्या आतलं दिसतं, अंगाच्या आतलं नाही.”

“पेपरात न्हवतं तसं.”

“लिहिलं होतं. जागा नव्हती.”

“किती जागा लागली असती?”

“दोन ओळी.”

ते भिंतीकडे वळले.

शेवटी करदोडा निघाला. रीतीप्रमाणे भावकीतल्या एकानं तो तोडला. पेटी आईकडे आहे.

बहीण आजही भेटायला येणाऱ्यांना सांगते, त्या मशीनच्या किरणांनीच आप्पा गेले. दौऱ्याला चांगले हिंडतेफिरते गेले होते आन् आजार घेऊन आले. लोक माना हलवतात. मग माझ्याकडे बघतात, कारण मी पेपरवाला. तिचं म्हणणं चूक आहे आणि ते चूक आहे हे त्या घरात फक्त मला सांगता येईल. ते सांगायचं तर त्या दोन ओळीही सांगाव्या लागतील. मी चहा घेतो आणि गप्प बसतो.